स्वतःच्या सर्व्हरवर त्रिमित सभास्थान: ओव्हर्टेची उभारणी आणि देखभाल

कातळकडा

त्रिमित आभासी सभास्थाने पुरवणाऱ्या सेवा गेल्या काही वर्षांत एकामागून एक बंद झाल्या. गूगलने त्रिमित मॉडेलांचे 'पॉली' हे भांडार जून २०२१ मध्ये मिटवले, मायक्रोसॉफ्टने 'अल्टस्पेस-व्हीआर' १० मार्च २०२३ रोजी बंद केले आणि मोझिलाने 'हब्स' ही आपली सेवा ३१ मे २०२४ रोजी थांबवली. या ठिकाणी ज्यांनी वर्ग भरवले, प्रदर्शने मांडली, त्यांच्यापैकी ज्यांनी मूळ फाइली स्वतःजवळ ठेवल्या होत्या त्यांनाच पुन्हा उभे राहता आले. आमचा छोटा अभ्यासगट छायाचित्रांवरून बारवांची त्रिमित मॉडेले तयार करतो. बारव समजून घ्यायची तर तिच्यात उतरावे लागते, पायऱ्यांच्या टप्प्यावर थांबून शेजारच्या माणसाला "हा कोनाडा पाहा" असे म्हणता आले पाहिजे. परगावी आणि परदेशी असलेल्या सभासदांना हे एकत्र करता यावे म्हणून आम्ही 'ओव्हर्टे' हा मुक्त स्रोत सर्व्हर स्वतः चालवतो. मराठीत या विषयावर सलग लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा धागा.

ओव्हर्टेचे मूळ 'हाय फिडेलिटी' या कंपनीच्या प्रणालीत आहे. 'सेकंड लाइफ' उभारणारे फिलिप रोझडेल यांनी ही कंपनी २०१३ मध्ये स्थापन केली. २०२० च्या सुरुवातीला कंपनीने सार्वजनिक आभासी जगाचा उपक्रम आवरता घेतला, परंतु प्रणाली अपाचे २.० परवान्याखाली खुली असल्यामुळे ती कंपनीबरोबर गेली नाही. स्वयंसेवकांनी प्रथम 'व्हर्केडिया' आणि पुढे त्यातून 'ओव्हर्टे' या नावाने ती चालू ठेवली. आजही ठिकाणांचे पत्ते 'हायफाय' या अक्षरांनीच सुरू होतात.

उभारणीपूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी: दृश्य रंगवण्याचे काम सर्व्हर करत नाही. ते प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर होते, त्यामुळे सर्व्हरला ग्राफिक कार्डाची गरज नसते. सर्व्हरचे काम म्हणजे कोण कुठे आहे हे सर्वांना सतत कळवणे, कोणती वस्तू कुठे ठेवली आहे याची नोंद राखणे आणि आवाज पोहोचवणे. यांपैकी आवाजाचे काम सर्वांत जड आणि सर्वांत नाजूक आहे. चित्र क्षणभर अडखळले तरी लोक थांबतात, पण आवाज तुटू लागला की दहा मिनिटांत सभा रिकामी होते. म्हणून सर्व्हरची निवड, त्याचे ठिकाण आणि त्याच्या जोडणीचा वेग हे सर्व आवाजाच्या हिशेबाने ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

ओव्हर्टेच्या सर्व्हरमध्ये एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला डोमेन सर्व्हर म्हणतात. तो स्वतः फारसे काही करत नाही. येणाऱ्याची ओळख तपासतो, परवानग्या पाहतो आणि कामे वाटून देतो. ही कामे 'असाइनमेंट क्लायंट' नावाच्या स्वतंत्र प्रक्रिया करतात. एक आवाज मिसळते, दुसरी अवतारांच्या, म्हणजे सभासदांच्या त्रिमित प्रतिरूपांच्या, हालचाली सर्वांपर्यंत नेते, तिसरी वस्तूंची नोंद ठेवते, चौथी फाइली पुरवते, आणि निरोप व स्क्रिप्ट यांच्यासाठी आणखी दोन असतात. या रचनेचा फायदा असा की ताण कुठे येतो आहे हे लगेच दिसते. सर्व्हरवरील प्रक्रियांची यादी उघडली की प्रोसेसर कोण खात आहे ते कळते, आणि बहुधा ती आवाजाचीच प्रक्रिया असते.

उबुंटू किंवा डेबियन चालणारा भाड्याचा आभासी सर्व्हर सुरुवातीला पुरेसा आहे. तयार पॅकेज मिळते आणि डॉकरची (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या बंदिस्त चौकटीत चालवणाऱ्या साधनाची) प्रतिमाही मिळते. डॉकर वापरणार असाल तर कंटेनरला यजमान संगणकाचेच नेटवर्क द्यावे, कारण सर्व्हर आपला पत्ता स्वतः शोधून इतरांना सांगतो आणि मध्ये डॉकरचे अंतर्गत नेटवर्क आले की सांगितलेला पत्ता चुकीचा ठरण्याची शक्यता असते. पोर्टांची, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांकित प्रवेशद्वारांची, मांडणी सोपी आहे: ४०१०० हे ब्राउझरमधून व्यवस्थापन करण्याचे, ४०१०२ हे यूडीपीवर (पोच न मागता झटपट पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर) येणाऱ्यांच्या पहिल्या भेटीचे, आणि ४८००० पासून पुढची काही यूडीपी पोर्ट वर सांगितलेल्या प्रक्रियांची. सेवा सुरू करून ब्राउझरमध्ये ४०१०० उघडले की एक मार्गदर्शक पडदा येतो आणि प्रवेश कोणाला, व्यवस्थापक कोण, असे विचारतो. येथे व्यवस्थापनाचे नाव आणि सांकेतिक शब्द घालणे ऐच्छिक ठेवले आहे. ते ऐच्छिक मानू नये. माझी शिफारस याहून पुढची आहे: ४०१०० हे पोर्ट फायरवॉलमध्ये बाहेरच्यांसाठी बंदच ठेवावे आणि एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सांकेतिक, सुरक्षित जोडणीच्या) बोगद्यातूनच तेथे जावे.

घरच्या संगणकावर सर्व्हर ठेवता येईल का, असा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे घरगुती ब्रॉडबँडवर अनेक ठिकाणी ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक इंटरनेट पत्ता (आयपी) मिळत नाही. अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर आपण त्या सामाईक पत्त्यामागे आहोत असे समजावे. अशा वेळी राउटरवर पोर्ट उघडण्याचा काहीही उपयोग नसतो. सेवा पुरवणाऱ्याकडून स्थिर पत्ता विकत घेणे किंवा भाड्याचा सर्व्हर घेणे, हेच दोन सरळ मार्ग आहेत.

मॉडेलांची तयारी, परवानग्या आणि बॅकअप यांबद्दल प्रतिसादांत सविस्तर लिहीन.


गणकयंत्र

लेख उपयुक्त आहे, परंतु ओव्हर्टेचीच निवड का, हे पुरेसे स्पष्ट झालेले नाही. हब्स बंद झाले हे अर्धसत्य आहे. मोझिलाने सेवा थांबवली, पण त्याची प्रणालीही मुक्त स्रोत आहे आणि 'हब्स फाउंडेशन' ती पुढे नेत आहे. हब्सचा सर्वांत मोठा गुण असा की पाहुण्याला काहीही स्थापित करावे लागत नाही. दुवा उघडला की तो ब्राउझरमधूनच आत येतो, मोबाइलवरूनही येतो. आपल्या अभ्यासगटातील ज्येष्ठ सभासदांना ओव्हर्टेचा 'इंटरफेस' हा वेगळा प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगणे कितपत व्यवहार्य आहे? शिवाय २००७ पासून चालू असलेला 'ओपनसिम्युलेटर' हा तिसरा पर्याय आपण विचारातच घेतलेला दिसत नाही.


कातळकडा

गणकयंत्र, हब्सबद्दलचा तुमचा मुद्दा रास्त आहे आणि पाहुणे एकदाच येणार असतील, दहा-पंधरा जण असतील, तर मीही हब्सच सुचवीन. मात्र चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याची समुदाय-आवृत्ती कुबरनेटिसवर (अनेक कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीवर) उभी करावी लागते, तिच्यात इलिक्सर भाषेत लिहिलेला 'रेटिक्युलम', आवाजासाठी 'डायलॉग', पोस्टग्रेस हा डेटाबेस, प्रमाणपत्रे, असे बरेच भाग एकमेकांवर अवलंबून असतात. एकट्या माणसाने रात्री नऊच्या सभेआधी दुरुस्त करावे, असे ते यंत्र नाही.

खरा फरक आवाजाचा आहे. हब्समध्ये सर्व्हर आवाज मिसळत नाही, तो प्रत्येकाचा आवाज इतर प्रत्येकाकडे जसाच्या तसा पाठवतो, आणि कोणता आवाज कोणत्या दिशेने यावा हे ऐकणाऱ्याचा ब्राउझर ठरवतो. २५ जणांचे माईक चालू असतील तर प्रत्येकाकडे २४ प्रवाह, म्हणजे एकूण ६०० प्रवाह बाहेर पडतात. ओव्हर्टेत ऐकणारा कुठे उभा आहे, त्याचे तोंड कुठे आहे, हे पाहून सर्व्हरच त्याच्यापुरते एक मिश्रण तयार करतो आणि दोन कानांचा एकच प्रवाह पाठवतो. म्हणजे २५ जणांना २५ प्रवाह. ६०० हा आकडा येथेही नाहीसा होत नाही, तो नेटवर्कवरून उठून प्रोसेसरवर बसतो, कारण दर १० मिलिसेकंदांनी सर्व्हरला २५ ऐकणाऱ्यांसाठी २४ आवाजांची दिशा आणि अंतर मोजावे लागते. परंतु प्रोसेसर आपल्या हातात असतो, जास्त गाभ्यांचा (कोअरचा) सर्व्हर तासाच्या भाड्याने घेता येतो. तालुक्याच्या गावी मोबाइलवरून जोडलेल्या सभासदाचे नेटवर्क आपल्या हातात नसते. त्याच्याकडे एकच प्रवाह जातो, हे मला निर्णायक वाटते.

ओपनसिम्युलेटर मी वापरले आहे. जमीन २५६ मीटरच्या चौकोनात विभागण्याची त्याची पद्धत, संपूर्ण प्रदेश एका फाइलीत बांधून नेण्याची सोय, आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर अवताराने जाण्याचा 'हायपरग्रिड', हे सारे अतिशय परिपक्व आहे. त्याच्या मूळ सर्व्हरमध्ये आवाजाची सोय नाही, ती वेगळ्या सेवेने जोडावी लागते, आणि आमचे सगळे काम आवाजाभोवती असल्यामुळे तो पर्याय मागे पडला. केवळ बांधकाम आणि प्रदर्शन करायचे असेल तर तो जरूर पाहावा.

ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत आम्ही डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटचा आग्रह धरत नाही. विंडोज किंवा लिनक्सच्या साध्या संगणकावर, कीबोर्ड आणि हेडफोनवर सर्व काही ऐकू येते आणि चालता येते. इंटरफेस स्थापित करण्यासाठी तरुण सभासद एकदा घरी जाऊन येतो.


टेम्सकाठी

मी लंडनहून लिहीत आहे. आमच्या मंडळातील काही जणांना अशा सभेत सहभागी व्हायचे आहे, आणि न्यू जर्सीतील नातेवाइकांनाही बोलवायचे आहे. सर्व्हर मुंबईत असेल तर आम्हाला विलंब किती जाणवेल? आणि सर्व्हर कुठे ठेवावा हे ठरवण्याची काही रीत आहे का?


निर्वात

टेम्सकाठी, दूरसंचार जाळ्यांवर काम करतो म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाज एका तोंडापासून दुसऱ्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांत पोहोचला तर संभाषण नैसर्गिक वाटते. ४०० च्या पुढे ते स्वीकारार्ह मानले जात नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. केबलचा मार्ग वळणाचा असल्याने प्रत्यक्षात १०० च्या वर. हे चालण्याजोगे आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. मिश्रण सर्व्हरवर होत असल्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज आधी सर्व्हरकडे जातो आणि मग ऐकणाऱ्याकडे. न्यू जर्सीतील दोन भावंडे एकमेकांशी बोलत असतील आणि सर्व्हर मुंबईत असेल, तर एका घरातून शेजारच्या घरात जाणारे वाक्य मुंबईला जाऊन परत येते. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर धरले तरी केवळ प्रकाशाच्या प्रवासाचे १२५ मिलिसेकंद होतात, त्यात केबलची वळणे, राउटर, आणि दोन्ही टोकांचे ध्वनिसाठे (बफर) मिळवले की १५० ची मर्यादा सहज ओलांडली जाते.

नकाशावर पाहा: मुंबई ते फ्रँकफर्ट अंदाजे ६,६०० किलोमीटर आणि फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क अंदाजे ६,२००. दोन्हींची बेरीज १२,८०० होते, म्हणजे मुंबई-न्यूयॉर्कच्या थेट अंतराहून फक्त किंचित जास्त. फ्रँकफर्ट जवळजवळ वाटेवरच आहे. तेथे सर्व्हर ठेवला तर भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या आवाजाला वळसा पडत नाही, आणि दोन भारतीयांमधला किंवा दोन अमेरिकनांमधला विलंबही सुसह्य राहतो. भारतीय सभासद बहुसंख्य असतील आणि परदेशी सभासद मुख्यतः ऐकणार असतील तर मात्र मुंबईच योग्य. म्हणून सर्व्हरचे ठिकाण ठरवताना 'कोण कोणाशी बोलणार आहे' हे विचारावे. 'कोण कुठे राहते' एवढ्यावर ते ठरत नाही.


कातळकडा

निर्वात, हे विवेचन फार मोलाचे आहे. त्याला बँडविड्थचा हिशेब जोडतो. ओव्हर्टेत आवाजाचे सेकंदाला २४,००० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. दोन कानांचा प्रवाह न दाबता पाठवला तर एका ऐकणाऱ्यामागे ७६८ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. ३० जण दोन तास ऐकत राहिले तर साधारण २०.७ गिगाबाइट बाहेर जातात. भाड्याच्या सर्व्हरवर बाहेर जाणाऱ्या डेटाची मासिक मर्यादा असते, तिच्याकडे सभा ठरवतानाच पाहावे. सेटिंगमध्ये ओपस हा कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) अग्रक्रमाने ठेवला तर हा आकडा पुष्कळ खाली येतो. त्या बदल्यात प्रोसेसरचे थोडे काम वाढते.

बारवेसारख्या जागेसाठी आणखी एक सेटिंग महत्त्वाचे आहे. व्यवस्थापनाच्या पानावर ध्वनी-पर्यावरणाचा विभाग असतो. तेथे जागेचे चौकोनी भाग आखता येतात आणि एका भागातला आवाज दुसऱ्या भागात जाताना किती क्षीण व्हावा हे ० ते १ मधील आकड्याने सांगता येते. ० म्हणजे अंतराने आवाज मुळीच कमी होणार नाही, १ म्हणजे अगदी जवळच ऐकू येईल. आम्ही वरचा काठ आणि तळ असे दोन भाग केले आहेत. तळाशी घुमणारा प्रतिध्वनी ठेवला आहे, आणि काठावरून तळाकडे जाणारा आवाज अधिक क्षीण केला आहे, त्यामुळे तळाशी माहिती सांगणाऱ्याला काठावरच्या गप्पांचा त्रास होत नाही. तळाशी उभे राहून बोलले की शब्द दगडी भिंतींवरून परतल्यासारखा येतो आणि पायऱ्या चढू लागले की तो कोरडा होत जातो. पाहुणे सर्वांत जास्त याबद्दलच बोलतात.


भूमापक

मी भौगोलिक माहिती प्रणालीच्या क्षेत्रात आहे आणि एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो, कारण तिच्यामुळे चांगली मॉडेले वाया गेलेली पाहिली आहेत. सर्वेक्षणातून आलेले मॉडेल बहुधा यूटीएम निर्देशांकांत, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीत, असते. पश्चिम महाराष्ट्र यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतो आणि साताऱ्याच्या आसपास विषुववृत्तापासूनचे उत्तर-अंतर १९,५०,००० मीटरच्या पुढे असते. त्रिमित इंजिने स्थान ३२ बिटांच्या दशांश संख्येत ठेवतात. या आकाराच्या संख्येजवळ अशा पद्धतीत दोन लगतच्या मूल्यांमधले अंतर ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर असते. साडेबारा सेंटिमीटरपेक्षा बारीक काहीही दाखवताच येत नाही! पायरीची कड करवतीसारखी दातेरी होते, आणि चालताना सगळी भिंत थरथरते. मॉडेल बिघडलेले नसते, ते फक्त चुकीच्या आरंभबिंदूपासून मोजलेले असते.

उपाय असा: बारवेजवळचा एखादा पक्का बिंदू, शक्यतो काठावरचा कोरलेला दगड, हा शून्य मानावा आणि सर्व निर्देशांकांतून त्याचे मूल्य वजा करावे. वजा केलेले मूल्य मॉडेलबरोबर एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवावे. ते हरवले तर मॉडेल पुन्हा नकाशावर बसवता येणार नाही. तसेच सर्वेक्षणात उंची तिसऱ्या अक्षावर धरतात, तर जीएलटीएफ या त्रिमित मॉडेलांच्या फाइल-स्वरूपात दुसरा अक्ष वर जातो. रूपांतर करताना हे पाहिले नाही तर बारव भिंतीला टांगल्यासारखी आडवी येते.


कातळकडा

भूमापक यांच्या सूचनेला पूर्ण दुजोरा. ओव्हर्टेत त्याला एक आणखी कारण आहे: तेथील जग हा आरंभबिंदूभोवतीचा ३२,७६८ मीटर बाजूचा घन आहे, म्हणजे कोणत्याही दिशेला १६,३८४ मीटरच जाता येते. यूटीएमचे निर्देशांक त्याच्या कितीतरी बाहेर पडतात.

मॉडेलांच्या तयारीबद्दल सांगायचे राहिले होते. छायाचित्रांवरून तयार केलेल्या मूळ मॉडेलमध्ये कोट्यवधी त्रिकोण असू शकतात आणि ते तसेच चढवले तर साध्या संगणकाचे सभासद आत येताच अडकतात. ब्लेंडर किंवा मेशलॅब या त्रिमित संपादन प्रोग्रामांमध्ये त्रिकोण कमी करावेत, दगडाचा बारीक पोत चित्रात उतरवावा आणि बारवेचे टप्पे वेगवेगळ्या फाइलींत तोडावेत, म्हणजे वरच्या टप्प्यावर असलेल्याला तळाचे तपशील लगेच उतरवावे लागत नाहीत. ओव्हर्टेबरोबर 'ओव्हन' नावाचे साधन येते, ते भूमिती ड्रॅको पद्धतीने दाबते आणि चित्रे केटीएक्स स्वरूपात बदलते.

पायऱ्यांची गोष्ट वेगळी पाहावी लागते. दिसणारे मॉडेल आणि पाय ज्यावर टेकतात ते मॉडेल एकच ठेवले तर प्रत्येक खडबडीत कडेशी टक्कर मोजावी लागते, अवतार पायरीवर अडखळतो, कधी दगडाच्या फटीत अडकतो. म्हणून पायऱ्यांच्या जागी एक न दिसणारा गुळगुळीत उतार घालावा आणि टक्कर त्याच्याशीच मोजावी. दिसणाऱ्या दगडांची टक्कर बंद ठेवावी. मग चालणारा माणूस सरळ खाली उतरतो आणि डोळ्यांना पायऱ्याच दिसतात. भिंतींसाठी मोजके सपाट ठोकळे पुरतात.

माहितीच्या फलकांवरील देवनागरी मजकूर मी चित्ररूपात ठेवतो. एकेक अक्षर शेजारी मांडून मजकूर काढणाऱ्या त्रिमित इंजिनांत वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. मजकूर वारंवार बदलणार असेल तर वेब पान दाखवणारी वस्तू वापरावी. तिच्यात ब्राउझरचे इंजिन असल्याने जोडाक्षरे बरोबर येतात.


शारदा वि.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. हा धागा वाचून वर्गाला अशा बारवेत नेण्याची इच्छा झाली आहे. परंतु मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करता दोन शंका आहेत. एक म्हणजे अनोळखी व्यक्ती आत येणार नाही याची खात्री कशी करावी? दुसरी, मुलांची कोणती माहिती सर्व्हरवर जमा होते, आणि ती कोणाच्या ताब्यात राहते?


कातळकडा

शारदाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर परवानग्यांच्या तक्त्यात आहे. व्यवस्थापनाच्या पानावर सुरक्षा विभागात रांगेने गट दिलेले असतात: अनामिक, खाते उघडून आलेले, मित्र, आणि त्याच संगणकावरून आलेले. प्रत्येक गटापुढे प्रवेश, वस्तू ठेवणे, तात्पुरती वस्तू ठेवणे, फाइली चढवणे, इतरांना बाहेर काढणे अशा खुणा करता येतात. वर्गासाठी अनामिक आणि खातेधारक या दोन्ही गटांची प्रवेशाची खूण काढून टाकावी आणि विद्यार्थ्यांची खाती नावानिशी, फक्त प्रवेशापुरती, जोडावीत. वस्तू ठेवण्याचा आणि बाहेर काढण्याचा अधिकार फक्त शिक्षकांकडे असावा. सर्व्हर सार्वजनिक निर्देशिकेत नोंदवू नये. पत्ता आणि पोर्ट थेट दिले तरी आत येता येते. कमाल उपस्थितीची मर्यादाही वर्गाच्या संख्येएवढीच ठेवावी.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे. अवतार हलावा म्हणून डोक्याची आणि हातांची स्थिती दर सेकंदाला अनेक वेळा सर्व्हरकडे जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२३ मध्ये असे दाखवले की ५० हजारांहून अधिक व्हीआर खेळाडूंमधून एखाद्याला केवळ डोक्याच्या आणि हातांच्या १०० सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता येते. नाव बदलले, अवतार बदलला, तरी हालचाल ओळख देते. म्हणून ज्या सर्व्हरवरून ही माहिती जाते तो कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मला परवान्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपण सर्व्हर चालवत असाल तर हालचालींची नोंद, ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करणारी कोणतीही स्क्रिप्ट त्यावर ठेवू नये, आणि प्रवेशाच्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसल्या जातील अशी व्यवस्था करावी. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. शाळेने ती लेखी घ्यावी. मुलांनी हेडसेटऐवजी साध्या पडद्यावरून यावे, म्हणजे हालचालींची बरीचशी माहिती निर्माणच होत नाही.


गणकयंत्र

परवानग्यांचे स्पष्टीकरण पटले. घरच्या सर्व्हरबद्दल मात्र थोडा वेगळा अनुभव नोंदवतो. सामाईक पत्त्यामागे असूनही घरचा शक्तिशाली संगणक वापरता येतो: सर्वांत स्वस्त आभासी सर्व्हर भाड्याने घ्यावा, घरून त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन साधनाचा (दोन संगणकांमधल्या सुरक्षित खासगी जोडणीचा) बोगदा टाकावा आणि यूडीपी पोर्ट त्या वाटेने घरी वळवावीत. मिश्रणाचे जड काम घरच्या प्रोसेसरवर होते आणि भाडे किरकोळ राहते. काळजी एवढीच घ्यावी की वायरगार्डमधून जाणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी सहसा १४२० बाइट असते; त्याहून मोठी पॅकेट तुटतात आणि तुटलेला एक तुकडा हरवला तरी पूर्ण पॅकेट जाते. माझ्याकडे आवाज मधूनच तुटत असे, त्याचे मूळ येथे सापडले. दोन्ही टोकांची मर्यादा तपासून घेतल्यावर तो स्थिर झाला.


कातळकडा

हा मार्ग चांगला आहे, परंतु त्यात घरच्या विजेचा आणि घरच्या जोडणीचा भरवसा गृहीत धरावा लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे दोन्हींचा नसतो, म्हणून सभेसाठी भाड्याचा सर्व्हर आणि चाचणीसाठी घरचा, अशी विभागणी आम्ही केली आहे.

शेवटी बॅकअपबद्दल. वस्तूंची संपूर्ण नोंद एका दाबलेल्या जेसन (साध्या मजकुरातील विदा-स्वरूपाच्या) फाइलीत असते आणि सर्व्हर ती ठरावीक अंतराने स्वतःच लिहितो. व्यवस्थापनाच्या पानावरून तिचे नियमित संग्रह ठेवण्याची सोय आहे. ही फाइल आकाराने लहान असते, कारण तिच्यात मॉडेले नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. फाइली ओव्हर्टेच्याच फाइल-सर्व्हरवर चढवल्या असतील तर तेथे त्या आपण दिलेल्या नावाने साठवलेल्या नसतात. प्रत्येक फाइलीचे नाव तिच्या मजकुरावरून काढलेला ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ अंक असते आणि कोणत्या नावाला कोणता अंक, हे एका वेगळ्या नकाशा-फाइलीत असते. केवळ साठा उचलला आणि नकाशा-फाइल राहिली, तर हाती निनावी फाइलींचा ढीग येतो. दोन्ही एकत्रच घ्यावीत. मोठी मॉडेले आम्ही एनजिनएक्स या साध्या वेब सर्व्हरवर ठेवतो, ती लवकर उतरतात. मग त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

आणि महिन्यातून एकदा ही जेसन फाइल उघडून तिच्यातील प्रत्येक पत्ता पाहावा. एखाद्या सभासदाने उत्साहाने दुसऱ्या संकेतस्थळावरचा दिवा, झाड किंवा आकाशाचे चित्र थेट दुव्याने आणलेले असते. ते संकेतस्थळ बंद झाले की ती वस्तू आपल्या बारवेतून नाहीशी होते, पॉलीच्या वेळी अनेकांच्या जगांत हेच घडले. असा बाहेरचा पत्ता दिसला की परवाना तपासावा, फाइल उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवावी, पत्ता बदलावा, आणि मूळ कर्त्याचे नाव त्या वस्तूच्या वर्णनात लिहावे.


टेम्सकाठी

निर्वात यांच्या सल्ल्याप्रमाणे फ्रँकफर्टमध्ये तासाच्या भाड्याचा सर्व्हर घेत आहोत. कातळकडा, बारवेच्या एका टप्प्याचे मॉडेल त्याच्या आरंभबिंदूच्या फाइलीसह चाचणीसाठी मिळू शकेल का?


कातळकडा

अवश्य. काठाचा टप्पा, न दिसणारा उतार आणि भूमापक यांनी सांगितली तशी वजाबाकीची फाइल असे तिन्ही पाठवतो. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेयनिर्देशासह. भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठ ही वेळ ठेवली तर तुमच्याकडे दुपार आणि न्यू जर्सीत सकाळ असेल. तिन्ही ठिकाणांहून किमान दोघे-दोघे आले तरच आवाजाची चाचणी खरी होईल.